मशीन सुरू होतानाचे संदेश मराठीत कसे आणायचे: कुठे जमतं, कुठे नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेच्या संगणक कक्षात बारा मशिन्स आहेत, सगळ्यांवर डेबियन, म्हणजे लिनक्सचं एक रूप. इन्स्टॉल करताना भाषा मराठी निवडली, डेस्कटॉप मराठीत आला, मेनू मराठीत आले. पण बटण दाबल्यापासून लॉगिनचा पडदा येईपर्यंत जे काही दिसतं ते सगळं इंग्रजी. डिस्क एन्क्रिप्ट केली, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद केली असल्यामुळे सुरुवातीलाच पासवर्ड मागितला जातो, तोही इंग्रजीत, आणि सकाळी कक्ष उघडणारे मामा तिथेच अडतात. तुम्ही लोकेलची, म्हणजे भाषा आणि प्रदेशाच्या सेटिंगची, फाईल बदलून पाहिली, रीस्टार्ट केलं, काही फरक पडला नाही. चुकलं कुठे?

तुमचं काहीही चुकलेलं नाही. सुरुवातीच्या संदेशांची भाषा एका ठिकाणी ठरतच नाही, त्यामुळे एक फाईल बदलून ती बदलणार नाही. बटणापासून लॉगिनपर्यंत पाच-सहा वेगवेगळे प्रोग्रॅम एकामागून एक पडद्याचा ताबा घेतात. त्यातल्या काहींना भाषा कळते, काहींना कळत नाही, आणि काहींना मराठी शब्द दिले तरी देवनागरी लिपी मांडता येत नाही. मी गेली अनेक वर्षं हेच काम करतोय, म्हणून आधीच सांगतो: सगळं मराठी करायच्या मागे लागू नका. जिथे माणसाला थांबून काहीतरी करायचं असतं त्या दोन-तीन जागा मराठीत आणा. बाकीच्या ओळी तुमच्यासाठी नाहीतच, त्या दुरुस्ती करणाऱ्यासाठी आहेत. त्या इंग्रजीत राहू द्या आणि रोजच्या वापरात झाकून ठेवा.

खालच्या आज्ञा आणि फाईलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

अगदी पहिला पडदा मदरबोर्डच्या फर्मवेअरचा. त्याची भाषा सेटअपच्या मेनूत मिळते, आणि बनवणाऱ्याने ज्या भाषा दिल्या असतील तेवढ्याच. लिनक्सचा तिथे हात पोचत नाही. पुढे जाऊ.

मग येतो ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम. ग्रबला भाषा कळते. /बूट/ग्रब/लोकेल या फोल्डरात भाषांतराच्या फाईली असतात, आणि अपडेट-ग्रब ही आज्ञा चालते तेव्हा त्या क्षणी जी लँग (भाषा ठरवणारी सेटिंग) असेल ती तो आपल्या कॉन्फिग फाईलमध्ये लिहून टाकतो. इथे बरेच जण फसतात. लोकेल बदलून नुसतं रीस्टार्ट केलं तर ग्रब जुनीच भाषा दाखवतो, कारण त्याची कॉन्फिग फाईल आधीच लिहून झालेली असते. लोकेल बदलल्यावर अपडेट-ग्रब पुन्हा चालवावं लागतं, आणि तेही नवी लँग लागू झालेल्या टर्मिनलमधून. त्या फोल्डरात एमआर नावाची फाईल आहे का तेही आधी पाहा. नसेल तर ग्रबकडे मराठी शब्दच नाहीत, आणि तो गुपचूप इंग्रजीवर येतो.

पण शब्द असून भागत नाही. ग्रबचा फॉन्ट युनिफाँट या फॉन्टवरून बनवलेला असतो, त्यात देवनागरीची सुटी अक्षरं आहेत. जोडाक्षर बनवायला लागणारी यंत्रणा मात्र तिथे नाही. डेस्कटॉपवर हे काम हार्फबझ आणि पँगो या लायब्ररी करतात: 'क', हलन्त आणि 'ष' ही तीन अक्षरं ओळीने आली की त्यांच्या जागी 'क्ष' हा एकच आकार उचलायचा, आणि 'ि' ही मात्रा लिहिताना नंतर आली तरी दाखवताना व्यंजनाच्या आधी न्यायची. याला शेपिंग म्हणतात. ग्रबमध्ये 'विद्यार्थी' हा शब्द टाकून पाहा, वाचताना डोकं दुखेल. 'शाळा', 'घर', 'चालू करा' असे जोडाक्षर नसलेले शब्द त्यातल्या त्यात निभावतात. मी काही ठिकाणी मेनूतली नावं मुद्दाम असे शब्द शोधून लिहिली होती, पण प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर पुन्हा तपासायचं म्हणजे फार कटकट. आता मी तो मार्ग सोडलाय. त्याऐवजी काय करतो ते पुढे सांगतो, कारण पासवर्डच्या पडद्यालाही तोच उपाय लागू पडतो.

ग्रबनंतर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. कर्नलचे संदेश, म्हणजे डीमेसेग या आज्ञेने दिसतात ते, इंग्रजीतच राहतात. ते बदलायची कुठलीही सेटिंग नाही. त्या ओळी कर्नलच्या कोडमध्ये थेट लिहिलेल्या आहेत, भाषांतराची सोय मुळात ठेवलेलीच नाही. कारण सरळ आहे. कर्नल बोलायला लागतो तेव्हा डिस्क वाचायची सोयही अजून उभी राहिलेली नसते, मग भाषांतराची फाईल उघडणार कुठून? आणि दुसरं कारण माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं आहे. समजा उद्या एका मशीनवर 'कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट एफएस' अशी ओळ येऊन ते गोठलं. तुम्ही मोबाइलवर फोटो काढून मला पाठवाल. ती ओळ जशीच्या तशी शोधली की जगभरात ज्यांना ज्यांना ती दिसली त्यांची उत्तरं मिनिटभरात समोर येतात: इनिटरॅमएफएस (डिस्क उघडण्याआधी मेमरीत भरला जाणारा फाईलींचा छोटा संच) बनलेलं नाही, किंवा डिस्कचा ड्रायव्हर त्यात नाही. तीच ओळ मराठीत असती तर आधी तिचं मूळ इंग्रजी काय असेल याचा अंदाज बांधत बसावं लागलं असतं. या ओळी माझ्यासारख्यांची कामाची हत्यारं आहेत, म्हणून त्या आहेत तशाच हव्यात.

कर्नलनंतर सिस्टमडी, म्हणजे मागे चालणाऱ्या सगळ्या सेवा चालू करणारा प्रोग्रॅम. हिरव्या 'ओके'च्या पुढे 'स्टार्टेड अमुक', 'रीच्ड टार्गेट तमुक' अशा ओळी सरसर जातात, त्या याच्या. लोकेल बदलून त्या मराठी होतील अशी तुमची अपेक्षा होती, आणि ती चुकीची नव्हती. पूर्वी ते होत असे. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या जुन्या पद्धतीत सुरुवातीची कामं बॅश स्क्रिप्ट करायच्या. त्यातली वाक्यं भाषांतरासाठी खुणा करून ठेवलेली असायची, आणि /ईटीसी/सिसकॉन्फिग/आय-एटीन-एन या फाईलीत भाषा लिहिली की ती त्या भाषेत यायची. २०११ साली फेडोरा १५ मध्ये सिस्टमडी आला, २०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ मध्ये, २०१५ मध्ये डेबियन ८ मध्ये, आणि ती पद्धत मागे पडली. सिस्टमडीच्या या ओळींना भाषांतर नाही. सेवेच्या फाईलीत 'डिस्क्रिप्शन' म्हणून जे एक वाक्य असतं तेच जसंच्या तसं छापलं जातं, आणि वेगवेगळ्या भाषांतली डिस्क्रिप्शन्स ठेवायची सोय नाही. जर्मनीत जर्मन लोकेल लावून बसलेल्या माणसालाही 'स्टार्टेड' असंच दिसतं. यात मराठीलाच कुणी डावललेलं नाही.

काही जण सेवेच्या ड्रॉप-इन फाईलीत (मूळ फाईलीला जोडायच्या छोट्या फाईलीत) डिस्क्रिप्शन मराठीत लिहून पाहतात. जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या नोंदवहीत, ते छान उमटतं. पण पडद्यावर मात्र गोंधळ होतो, आणि त्याचं मूळ समजून घेण्यासारखं आहे, कारण या सगळ्या प्रश्नातली खरी अडचण तीच आहे.

सुरुवातीला दिसणारा काळा पडदा म्हणजे कर्नलचा टेक्स्ट कन्सोल. तो पडद्याचे सारखे चौकोन पाडतो आणि एका चौकोनात एक चिन्ह ठेवतो. एका वेळी त्याच्याकडे २५६ चिन्हं असतात, फार तर ५१२. आणि ५१२ घेतली तर त्याची किंमत म्हणून अक्षरांचे रंग सोळावरून आठवर येतात, कारण रंगासाठी ठेवलेला एक बिट चिन्हाच्या क्रमांकाला द्यावा लागतो. युनिकोडमध्ये देवनागरीचा मूळ तक्ता १२८ जागांचा आहे, म्हणजे तो ५१२ मध्ये आरामात मावतो. मग अडचण कसली? अडचण अशी की तो तक्ता फक्त सुट्या अक्षरांचा आहे. जोडाक्षरं त्यात नाहीत, ती शेपिंगमधून तयार होतात. 'स्त्री', 'र्‍हास', 'कार्य' हे आकार त्या चौकोनांत कुठून येणार? कन्सोल अक्षरं आली त्या क्रमाने चौकोनांत मांडत जातो. वेलांटी व्यंजनाच्या आधी सरकवणं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेणं, यातलं काहीही तो करत नाही. कितीही चांगला फॉन्ट बनवा, कन्सोलवर मराठी वाचण्याजोगी होत नाही.

वितरणं, म्हणजे डेबियन-फेडोरासारखी लिनक्सची रूपं, बनवणाऱ्यांनाही हे चांगलं ठाऊक आहे. फेडोरा किंवा रेड हॅट असेल तर /ईटीसी/प्रोफाइल-डॉट-डी फोल्डरातली लँग-डॉट-एसएच ही स्क्रिप्ट उघडून वाचा. तिच्यात स्पष्ट लिहिलंय: टर्मिनल साधा लिनक्स कन्सोल असेल आणि भाषा जपानी, कोरियन, चिनी, अरबी किंवा शेवटी 'आयएन' असलेली कुठलीही भारतीय भाषा असेल, तर लँग बदलून अमेरिकन इंग्रजी करायची. भारतीय इंग्रजी तेवढी यातून सुटते. म्हणजे त्या मशीनवर कन्सोलमध्ये लॉगिन केल्यावर इंग्रजी दिसते ती जाणूनबुजून, माणसाला निदान वाचता यावं म्हणून. डेबियनच्या इन्स्टॉलरचंही तसंच. भारतीय लिप्या तुम्हाला ग्राफिकल इन्स्टॉलरमध्येच मिळतात, टेक्स्ट इन्स्टॉलरच्या यादीत त्या नसतात.

आता जे जमतं त्याकडे येऊ.

आधी लोकेल नीट आहे का ते तपासा, कारण लॉगिनच्या पडद्यापासून पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. डेबियनमध्ये /ईटीसी/लोकेल-डॉट-जेन ही फाईल उघडा. मराठीची ओळ 'एमआर अंडरस्कोर आयएन, मग मोकळी जागा, मग यूटीएफ-८' अशी आहे. जर्मन किंवा फ्रेंचच्या ओळीत नावाला चिकटून डॉट यूटीएफ-८ असतं, तसं मराठीच्या ओळीत नाही, म्हणून शोधताना ती सापडत नाही आणि लोकांना वाटतं मराठी यादीतच नाही. गोव्यातल्या कुणाला हे कोकणीसाठी करायचं असेल तर 'केओके अंडरस्कोर आयएन' ही ओळ त्याच यादीत आहे. ओळीच्या सुरुवातीची जाळीची खूण (हॅश) काढा, लोकेल-जेन चालवा, आणि मग अपडेट-लोकेलने लँग ठरवा. फेडोरात ग्लिबसी-लँगपॅक-एमआर हे पॅकेज लागतं, आणि भाषा लोकेलसीटीएल सेट-लोकेल या आज्ञेने ठरते.

इथे एक कळकळीची सूचना. लँग ही एकच गोष्ट बदलली की संदेशांबरोबर तारीख, आकडे, वर्णक्रम सगळंच बदलतं. तुम्हाला हवे असतात फक्त संदेश. त्यासाठी एलसी-मेसेजेस हे वेगळं खातं आहे. मी एकदा एका पतसंस्थेच्या सर्व्हरवर सरसकट लँग मराठी करून टाकली. रात्री चालणारी बॅकअपची स्क्रिप्ट फाईलीच्या नावात महिन्याचं छोटं नाव घालायची. दुसऱ्या दिवसापासून नावात महिना मराठीत यायला लागला. जुन्या फाईली पुसणारी दुसरी स्क्रिप्ट मात्र इंग्रजी महिना शोधत होती. तिला काही सापडेना, ती मुकाट्याने संपायची, आणि सात आठवड्यांनी डिस्क भरली. चूक माझी होती. तेव्हापासून सर्व्हरवर मी लँगला हात लावत नाही. लागलंच तर फक्त एलसी-मेसेजेस बदलतो, आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत एलसी-ऑल बरोबर सी-डॉट-यूटीएफ-८ (कुठल्याही भाषेला न बांधलेलं साधं लोकेल) असं लिहून ठेवतो. एलसी-ऑल बाकी सगळ्या एलसी खात्यांवर मात करतं, म्हणून बाहेर कुठलीही भाषा असली तरी स्क्रिप्टला फरक पडत नाही. तुमच्या कक्षातल्या मशिन्सवर मुलं बसणार आहेत, तिथे तारखाही मराठीत आलेल्या बऱ्याच. तिथे लँग खुशाल मराठी ठेवा.

लँग्वेज नावाचं आणखी एक खातं आहे. त्यात कोलनने जोडून भाषांची यादी देता येते: आधी मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी. एखाद्या प्रोग्रॅमचं मराठी भाषांतर नसेल तर तो हिंदीत बोलतो, तेही नसेल तर इंग्रजीत. लहान मुलांना याचा चांगला उपयोग होतो.

एखाद्या सेवेचे लॉग इंग्रजीतच हवे असतील, उदाहरणार्थ डेटाबेसचे, तर सिस्टमसीटीएल एडिट आणि सेवेचं नाव देऊन तिच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये एलसी-ऑल तेवढ्यापुरतं सी-डॉट-यूटीएफ-८ करा. पोस्टग्रेस वापरत असाल तर त्याच्या कॉन्फिगमध्ये एलसी-मेसेजेस स्वतंत्र असतं, तेही पाहून घ्या.

एकाच बूटपुरती भाषा बदलून पाहायची असेल तर ग्रबमध्ये ई दाबून, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'लोकेल-डॉट-लँग बरोबर' असं लिहून हवी ती भाषा देता येते. सिस्टमडी ते वाचतो आणि ते फाईलीतल्या भाषेवर मात करतं. परक्या भाषेत अडकलेलं मशीन हातात आलं की मला हे फार उपयोगी पडतं. पुण्यात जपानी कंपन्यांकडून आलेले जुने लॅपटॉप घेऊन लोक येतात, तेव्हा पहिलं काम हेच.

आता मुख्य काम: पासवर्डचा पडदा. डेबियनमध्ये तिथे 'प्लीज अनलॉक डिस्क' आणि पुढे डिस्कचं नाव, असं येतं. ही ओळ क्रिप्टसेटअप या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रॅमच्या इनिटरॅमएफएसमधल्या स्क्रिप्टमध्ये इंग्रजीत थेट लिहिलेली आहे. कुठल्याही लोकेलने ती बदलत नाही. स्क्रिप्टमध्ये जाऊन ती बदलू नका, पुढच्या अपडेटला तुमचा बदल पुसला जाईल.

ती ओळ पडद्यावर दाखवायचं काम मात्र प्लायमाउथ, म्हणजे सुरुवातीचं चित्र दाखवणारा प्रोग्रॅम, करतो, आणि तिथे आपल्याला वाव आहे. प्लायमाउथ ग्राफिक्समध्ये काम करतो, म्हणजे कन्सोलच्या चौकोनांची अडचण संपली. राहते फॉन्टची. हा सगळा प्रकार डिस्क उघडायच्या आधी, इनिटरॅमएफएसमध्ये घडतो, आणि तिथे जेवढ्या फाईली भरल्या तेवढ्याच असतात. देजावू हा फॉन्ट तिथे सर्रास भरला जातो, आणि त्यात देवनागरी नाही. मग लोहित किंवा नोटो देवनागरी हाताने भरायचा. त्यानंतर कळतं की प्लायमाउथकडे मजकूर काढणारे दोन प्लगिन आहेत. एक पँगोवाला, जो शेपिंग करतो. दुसरा हलका, फ्रीटाइपवाला, जो करत नाही, आणि हलका म्हणून इनिटरॅमएफएसमध्ये बहुधा तोच जातो. पँगो भरायचा तर त्याच्या मागे लायब्ररींची रांग भरावी लागते. हे सगळं करता येतं, मी केलंय. बारा मशिन्सच्या शाळेसाठी ते करू नका.

त्याऐवजी मराठी वाक्याचं चित्र बनवा. डेस्कटॉपवर इंकस्केप उघडा, मुक्ता हा मुंबईच्या एक टाइपचा मोफत फॉन्ट घ्या, वाक्य मोठ्या अक्षरात लिहा आणि पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजीत काढा. शेपिंग डेस्कटॉपवरच होऊन गेलं. बूटच्या वेळी प्लायमाउथला फक्त चित्र मांडायचंय, त्याला देवनागरी यायची गरजच उरत नाही. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या सगळं छापल्यासारखं स्वच्छ येतं.

हे थीममध्ये कसं बसवायचं? प्लायमाउथमध्ये स्क्रिप्ट नावाचा प्लगिन आहे, त्यात थीम एका छोट्या भाषेत लिहिता येते. /यूएसआर/शेअर/प्लायमाउथ/थीम्स या फोल्डरात आपल्या नावाचं नवं फोल्डर करा, समजा 'शाळा', अर्थात रोमन लिपीत. त्यात त्याच नावाची डॉट-प्लायमाउथ फाईल, डॉट-स्क्रिप्ट फाईल आणि तुमचं चित्र ठेवा. स्क्रिप्टमध्ये 'सेट-डिस्प्ले-पासवर्ड-फंक्शन' म्हणून एक जागा आहे. पासवर्ड मागायची वेळ आली की प्लायमाउथ तुमच्या फंक्शनला दोन गोष्टी देतो: आलेला इंग्रजी मजकूर, आणि आतापर्यंत किती अक्षरं टाइप झाली तो आकडा. इंग्रजी मजकूर बाजूला ठेवा, तुमचं चित्र पडद्याच्या मध्यभागी मांडा, आणि त्या आकड्याइतके ठिपके खाली काढा. ठिपकाही एक लहान चित्रच. पडद्याची रुंदी-उंची विंडो-डॉट-गेट-विड्थ आणि गेट-हाइटने विचारून घ्या, ठरावीक आकडे लिहू नका. कक्षात एखादं मशीन जुन्या प्रोजेक्टरला जोडलेलं असतं, त्याचा पडदा १०२४ बाय ७६८ असतो आणि मग वाक्याचं टोक बाहेर जातं.

एवढं लिहायचं नसेल तर स्पिनर नावाच्या तयार थीमची प्रत घ्या, नव्या नावाने ठेवा, तिच्या कॉन्फिगमधला चित्रांच्या फोल्डराचा पत्ता बदला, आणि त्या फोल्डरात वॉटरमार्क-डॉट-पीएनजी या नावाने तुमचं चित्र टाका. ते पडद्याच्या खालच्या भागात येतं. इंग्रजी ओळ तशीच राहते, पण तिच्या खाली मराठी सूचना दिसते. मूळ थीममध्येच चित्र टाकू नका, पॅकेज अपडेट झालं की पुन्हा शून्यावर याल.

चुकीचा पासवर्ड दिल्यावर येणारा संदेश वेगळ्या वाटेने येतो, 'सेट-मेसेज-फंक्शन'मधून. स्वतःची थीम लिहिलीत तर ही जागा मोकळी ठेवू नका, नाहीतर पासवर्ड चुकला तरी पडदा गप्प राहील आणि माणसाला वाटेल मशीन अडकलं. तिथे आलेला इंग्रजी मजकूर तसाच बारीक अक्षरात खाली दाखवा. त्याच वाटेने डिस्क तपासणीचे वगैरे संदेशही येतात, आणि ते तुम्हाला फोनवर कुणीतरी वाचून दाखवायला हवे असतात.

वाक्य काय लिहायचं यावर थोडा वेळ द्या. 'कृपया परवलीचा शब्द प्रविष्ट करा' असं लिहू नका. मामा पासवर्डला पासवर्डच म्हणतात. मी एका वाचनालयासाठी असं लिहिलं: 'डिस्कचा पासवर्ड टाइप करा आणि एंटर दाबा. अक्षरांऐवजी ठिपके दिसतील.' हे दुसरं वाक्य मुद्दाम घातलं, कारण अक्षरं दिसत नाहीत म्हणून लोक तोच पासवर्ड दोन-तीनदा ओळीने टाइप करून मोकळे व्हायचे. खाली आणखी एक ओळ: 'तीनदा चुकलं तर थांबा, फोन करा', आणि कार्यालयाचा नंबर.

पासवर्ड मात्र देवनागरीत ठेवू नका. या टप्प्यावर कळफलक कन्सोलचा असतो, इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक तिथे मिळत नाही. डेस्कटॉपवर बसून देवनागरी पासवर्ड ठेवलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो टाइप करायला जागाच नसेल. रोमन लहान अक्षरं आणि आकडे, बस.

ग्रबसाठीही हाच मार्ग. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाईलीत ग्रब-बॅकग्राउंड ही ओळ घालून चित्राचा पत्ता द्या आणि अपडेट-ग्रब चालवा. चित्रात मेनूची जागा सोडून खाली लिहा: 'काही करू नका, पाच सेकंदांत आपोआप सुरू होईल.' सकाळच्या माणसाला ग्रबबद्दल एवढंच माहीत असायला हवं. फक्त /बूट सुद्धा एन्क्रिप्ट केलं असेल तर ग्रबचा स्वतःचा पासवर्डचा प्रश्न इंग्रजीतच येईल, कारण चित्र आणि भाषांतर दोन्ही कुलपाच्या आत असतात. शाळेत /बूट उघडंच ठेवा.

आता मधल्या इंग्रजी ओळी झाकायच्या. त्याच फाईलीत ग्रब-सीएमडीलाइन-लिनक्स-डिफॉल्ट या ओळीत 'क्वाएट स्प्लॅश' असं असू द्या. क्वाएटमुळे कर्नल फक्त गंभीर गोष्टी बोलतो, आणि सिस्टमडीही एखादी सेवा अडली किंवा फार वेळ लागला तरच तोंड उघडतो. तरी कर्नलच्या एखाद्या एररची ओळ चमकून जात असेल तर 'लॉगलेव्हल बरोबर ३' जोडा. मागचं सगळं पाहायचं असेल तेव्हा स्प्लॅशवर, म्हणजे सुरुवातीच्या चित्रावर, एस्केप दाबा, ओळी दिसतात. मुलांपैकी कुणी विचारलंच की मागे काय चाललंय, तर नक्की दाबून दाखवा.

आणखी एक जागा आहे, आणि ती मला मनापासून आवडते. जर्नलसीटीएलला एक्स हा पर्याय दिला की काही ओळींखाली त्यांचं स्पष्टीकरण येतं: ही सेवा बंद पडली म्हणजे काय, पुढे काय करावं. ही स्पष्टीकरणं कॅटलॉग नावाच्या फाईलींत असतात, आणि कॅटलॉगला भाषा कळते. पोलिश, रशियन, फ्रेंच, जर्मन, इटालियन असे कॅटलॉग आहेत. /यूएसआर/लिब/सिस्टमडी/कॅटलॉग फोल्डरातली इंग्रजी फाईल घ्या, नावात शेवटच्या डॉट-कॅटलॉगच्या आधी डॉट-एमआर घालून प्रत करा, प्रत्येक नोंदीचा लांबलचक क्रमांक आणि ॲट चिन्हांमधले शब्द न बदलता बाकी मजकूर मराठीत लिहा, आणि जर्नलसीटीएलला अपडेट-कॅटलॉग सांगा. मूळ ओळ इंग्रजीत राहते, म्हणजे शोधायला सोपी, आणि तिच्याखाली मराठीत अर्थ. हे ग्राफिकल डेस्कटॉपवर वाचायचं. काही टर्मिनल्स जोडाक्षरं तोडतात, तसं झालं तर मजकूर फाईलीत काढून एडिटरमध्ये उघडा. सगळ्या नोंदी करायची गरज नाही, सेवा अपयशी झाल्याच्या आणि जर्नलने डिस्कवर किती जागा घेतली त्याच्या पाच-सहा नोंदी केल्या तरी नववी-दहावीतली मुलं स्वतःहून लॉग वाचायला लागतात.

शेवटी, हे करताना मशीन उघडेनासं होऊ नये याची काळजी. थीम लावायची ती 'प्लायमाउथ-सेट-डिफॉल्ट-थीम', मग वजा चिन्ह आणि कॅपिटल आर, मग थीमचं नाव अशी. त्यातला आर इनिटरॅमएफएस नव्याने बांधतो. पण त्याआधी /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स फोल्डरातल्या अपडेट-इनिटरॅमएफएस-डॉट-कॉन्फ फाईलीत बॅकअप-इनिटरॅमएफएस 'येस' करून ठेवा, म्हणजे जुनी प्रत शिल्लक राहते. बांधून झाल्यावर एलएस-इनिटरॅमएफएसने यादी काढून तुमचं चित्र आत गेलंय का ते पाहा. गेलं नसेल तर रीस्टार्ट करू नका, बहुतेक वेळा फोल्डराचं आणि डॉट-प्लायमाउथ फाईलीचं नाव सारखं नसतं हेच कारण निघतं. आधी एकाच मशीनवर करा, चार दिवस चालू द्या, मग बाकीच्या अकरांवर. आणि एखाद्या मशीनवर पडदा काळाच राहिला तर ग्रबमध्ये ई दाबा, लिनक्सच्या ओळीतला 'स्प्लॅश' हा शब्द खोडा, कंट्रोल-एक्स दाबा. साध्या कन्सोलवर इंग्रजीत पासवर्ड विचारला जाईल, आणि मशीन उघडेल.